‘माझ्यामुळंच लेकरू असं झालं का?’

पत्राचा सारांश: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा पावणेचार वर्षांचा आहे आणि दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान केलं. घर एकत्र आहे: सासू-सासरे, मोठे दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं. आई पतसंस्थेत नोकरी करते, वडील भावाबरोबर कृषी सेवा केंद्र चालवतात. मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हापासूनच हाकेला बघत नसे. बाटल्यांची झाकणं तासन् तास ओळीत लावत बसतो. पाण्याचा टँकर आला की कान दाबून किंचाळतो. निदान झाल्यापासून सासूबाईंचं एकच पालुपद सुरू आहे: ‘तू कामावर जाऊन बसलीस, लेकरू मोबाइलपाशी बसलं. माय जवळ नसल्यावर दुसरं काय होणार?’ त्यात दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर घरात वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की पिल्लाचं सुरुवातीचं वातावरण बिघडलं की ऑटिझम होतो आणि वातावरण सुधारलं की तो बरा होतो, हे शास्त्रज्ञांनी उंदरांवर सिद्ध केलं आहे. नवरा म्हणतो, दीड एकर विकू, पुण्यात खोली घेऊ, तू नोकरी सोड आणि रोज थेरपीला ने. शेवटी त्या विचारतात: ‘उंदरांचं खरं असलं तर दोष माझाच की. पहिली तीन वर्षं तर निघून गेली. आता पुण्याला जाऊन भरून निघेल का, का उशीर झालाय?’

ताई,

पत्राच्या मधोमध तुम्ही एक ओळ जाता जाता लिहून टाकली आहे: ‘जावेच्या सहा वर्षांच्या मुलीचं बोट धरून तेवढा हापशापर्यंत जातो, बाकी कुणाजवळ फिरकत नाही.’ तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली असेल. मला सगळ्या पत्रात तीच ओळ मोलाची वाटली. का, ते पुढं सांगते. आधी उंदरांचं बघू, कारण त्या मजकुरानं तुमची झोप उडवली आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

उंदराला ऑटिझमचं निदान होत नाही. ते निदान माणसाच्या बोलण्यावरून, नजरेवरून, खेळण्यावरून आणि सवयींवरून होतं. शास्त्रज्ञ उंदरांमध्ये बघतात ते त्याच्याशी मिळतंजुळतं वागणं: दुसऱ्या उंदराची ओढ आहे का, एकच क्रिया पुन्हा पुन्हा होते का, नव्या जागी जीव किती घाबरतो. ओढ मोजायची एक साधी पद्धत अमेरिकेतल्या जॅकलिन क्रॉली यांच्या गटानं रूढ केली. ओळीनं तीन कप्पे असलेली पेटी घेतात आणि उंदीर मधल्या कप्प्यात सोडतात. एका बाजूला तारेच्या जाळीखाली अनोळखी उंदीर असतो. दुसऱ्या बाजूला तशीच जाळी असते, पण रिकामी. मग दहा मिनिटं बघायचं, हा कुठं जास्त वेळ काढतो. बहुतेक उंदीर पाहुण्याकडे जातात, जाळीला नाक लावून हुंगत राहतात. बीटीबीआर नावाची एक जात आहे. तिच्यातल्या उंदरांना मात्र जिवंत पाहुणा आणि रिकामी जाळी जवळजवळ सारखीच. आणि हे उंदीर स्वतःचं अंग साफ करत बसतात, इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

तुमच्या सासूबाईंनी विचारलेला प्रश्न या शास्त्रज्ञांनाही पडला होता: हे मायेमुळं होतं का? बीटीबीआर जातीची आई पिल्लांना नीट सांभाळत नसेल, म्हणून पिल्लं अशी होत असतील का? त्यांनी मायच बदलून बघितली. बीटीबीआरची पिल्लं जन्मल्यावर लगेच माणूसवेल्हाळ म्हणावं अशा दुसऱ्या जातीच्या आईच्या कुशीत ठेवली. दूध तिचं, ऊब तिची, चाटणं-सांभाळणं सगळं तिचं. ही पिल्लं मोठी झाली आणि तरीही पाहुण्याकडे वळली नाहीत. हा अभ्यास २००७ साली छापून आला. दिरांच्या मजकुरात नेमका तोच नव्हता.

आईवर बोट ठेवायची ही खोड आपल्या गावचीच आहे असं नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतरची दोन-अडीच दशकं तिथले मोठमोठे डॉक्टर सांगत राहिले की आई मायेनं थंड असली की लेकरू असं होतं. अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ असं नावच पडलं होतं. ब्रुनो बेटलहाइम यांनी हे मत गाजवलं. किती आयांनी ते खरं मानून जन्म काढला असेल, या विचारानं आजही मला त्रास होतो. ते मोडायला सुरुवात केली एका बापानं. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता. त्यांनी १९६४ मध्ये सगळे पुरावे मांडून सांगितलं की हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टिन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चारांमध्ये दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. दोन्हीकडे आई एकच, घर एकच. २०१९ मध्ये पाच देशांतल्या २० लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून जो अभ्यास झाला, त्यात कुणाला ऑटिझम होतो आणि कुणाला नाही, या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिकतेनं समजावता आला.

हा आकडा एकेकट्या लेकराचा हिशोब नव्हे, सगळ्या लोकसंख्येतल्या फरकाचा आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि ‘आनुवंशिक’ शब्द ऐकून आता ‘कुणाच्या घराण्यातून आलं’ हा नवा वाद घरात पेटू देऊ नका. असे बारीक बारीक बदल दोन्हीकडून येतात. काही तर आई-बापात नसतातच, नव्यानं घडलेले असतात. तुमच्या यजमानांना हे लवकर कळेल, कारण ते रोज बियाणं विकतात. तुरीचं बी पेरलं तर तूरच उगवते, शाळू उगवत नाही, मग रान कितीही चांगलं असू द्या. पण तीच तूर चांगल्या रानात, वेळेवर पाणी मिळालं तर कशी लगडते आणि पाण्याविना कशी करपते, हेही त्यांनी बघितलंय. तुमच्या मुलाचा वाण वेगळा आहे. तो तुम्ही निवडला नाही, तुम्ही बिघडवलाही नाही. रानाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

जन्माआधीचं वातावरण मात्र काही बाबतींत खरंच मोजलं जातं, तेही सांगते, कारण हे सदर वाचणाऱ्या एखाद्या मुलीला उपयोगी पडेल. उंदरांवरचे पुष्कळ प्रयोग व्हॅल्प्रोएट या औषधावर उभे आहेत. हे फिट्सचं, म्हणजे मिरगीचं औषध. उंदरांची मादी गाभण असताना साधारण बाराव्या दिवशी ते दिलं, तर पिल्लं पुढं इतरांत कमी मिसळतात आणि जास्त घाबरतात. माणसांतही गरोदरपणी हे औषध चालू असेल तर मुलाला ऑटिझम होण्याचा धोका वाढतो, हे डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासात २०१३ साली दिसलं. म्हणून मिरगीचं औषध चालू असलेल्या मुलीनं मूल होऊ देण्याचा विचार करायच्या आधीच डॉक्टरांकडून औषध बदलून घेण्याबद्दल विचारावं. स्वतःच्या मनानं गोळी बंद मात्र करू नये, फिट येणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं असतं. तुमच्या पत्रात असलं काहीच नाही. गरोदरपणात टाकून बोललेले शब्द आणि उन्हाळ्यातली दगदग तुम्ही आठवून आठवून लिहिली आहे. त्यातून कारण खोदून काढू नका.

आता मोबाइल. तो कमी करा, यात दुमत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना रोज तासाभराहून जास्त पडदा नको, कमी असेल तेवढं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. पण मोबाइलनं ऑटिझम झाला हे वेगळं विधान आहे. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचा आजार म्हणून जे फिरतं, त्याला निदानाच्या मान्य नियमावल्यांत जागा नाही. आणि तुमच्याच पत्रातल्या तारखा बघा. हाकेला न बघणं दीड वर्षापासूनचं आहे. मोबाइल हातात आला अडीचाव्या वर्षी, कारण तेवढ्यानंच तो शांत बसायचा. कोणतं आधी, ते तुम्हीच लिहिलंय.

वातावरणाचा खरा अभाव कसा असतो, तेही बघायला हवं. १९८९ च्या डिसेंबरात रोमानियातली चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांतली मुलं जगाला दिसली. पाळण्यात पडून वाढलेली, कुणी उचलून न घेतलेली, कुणाशी न बोललेली. त्यांतली काही इंग्लंडमध्ये दत्तक गेली आणि रटर यांच्याच गटानं त्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. थोड्या मुलांत ऑटिझमसारखं वागणं दिसलं खरं, पण घर मिळाल्यावर त्यांतल्या अनेकांमध्ये ते बरंच निवळत गेलं, म्हणून त्याला मूळच्या ऑटिझमहून वेगळं धरलं गेलं. संध्याकाळी सहाला घरी येऊन लेकराला जेवू घालणारी आई आणि ते अनाथालय, यांची तुलना करायची म्हटली तरी जीभ अडखळते.

आता मजकुरातला खरा अर्धा भाग. क्रॉली यांच्याच गटानं २०११ मध्ये आणखी एक प्रयोग छापला. या वेळी माय बदलली नाही. दूध सुटल्यावर बीटीबीआरची पिल्लं दुसऱ्या, मिसळणाऱ्या जातीच्या पिल्लांबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवली. समवयस्क सोबती, बाकी काही नाही. मोठी झाल्यावर त्यांना तीन कप्प्यांच्या पेटीत सोडलं, तर ती पाहुण्याकडे जाऊ लागली होती. वीस दिवसांची सोबतही चाळीस दिवसांइतकीच उपयोगी पडली. आपल्याच जातीत वाढलेली पिल्लं मात्र होती तशीच राहिली. जे मायेच्या कुशीनं बदललं नव्हतं, ते बरोबरीच्या पोरांच्या संगतीनं बदललं. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यातलं अजून एक निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे: अंग साफ करत बसण्याची सवय सोबतीनं गेली नाही. तेवढी तशीच राहिली.

म्हणून मला तुमची हापशाची ओळ मोलाची वाटली. पुण्याच्या खोलीत जे विकत मिळणार नाही, ते तुमच्या अंगणात फिरतंय. फक्त मुलं म्हणजे उंदीर नव्हेत, नुसतं एका घरात राहून भागत नाही. मोठी मुलं पळतात, हसतात, दोन हाका मारतात, हा बघत नाही म्हटल्यावर सोडून देतात. तुमच्या पुतणीला थोडं शिकवावं लागेल, आणि सहा वर्षांची मुलगी हे आपल्यापेक्षा लवकर शिकते. तिला म्हणा, त्याच्या मागून हाक मारू नको, समोर येऊन बस. एका वेळी दोनच शब्द: ‘चल, हापसा.’ मग थांब. मनात पाच मोज. त्यानं बोट पुढं केलं, नुसती मान वळवली, तरी लगेच चल. हापशावर आधी तिनं दांडा एकदा हापसायचा आणि मग थांबायचं, त्यानं ‘अजून’ असं कोणत्याही तऱ्हेनं सांगेपर्यंत. आवाज, हात ओढणं, नजर, काहीही चालेल. पाणी आलं की दोघांना आनंद. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, एवढं बस. त्या पोरीवर याहून जास्त ओझं टाकू नका, तिचंही बालपण आहे. तिला कंटाळा आला तर त्या दिवशी सुट्टी.

झाकणांचं तसंच राहू द्या. ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः सांगतात की अशा क्रियांनी त्यांचा जीव शांत होतो. झाकणं हिसकावून घेतली तर रडणं वाढेल, बोलणं वाढणार नाही. त्यापेक्षा त्याच्या शेजारी बसा आणि तुमचीही एक ओळ लावा. पुढचं झाकण तुमच्या मुठीत असू द्या. तो हात उघडायला येईल तेव्हा त्याला माणसाची गरज पडलेली असेल.

आता पुण्याचा विचार, आणि इथं आणखी एक प्रयोग आडवा येतो. व्हॅल्प्रोएटच्या उंदरांना लहानपणीच खेळणी, जिने, सोबती असलेलं भरलेलं घर दिलं तर त्यांच्यात सुधारणा होते, हे पोलंडमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं होतं. ते वाचून कुणालाही वाटेल, जेवढं जास्त तेवढं बरं: सहा तास थेरपी, नवी खेळणी, नवी शाळा. पण २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी त्यात एक नेमका फरक केला. काही पिल्लांना साधा पिंजरा दिला. काहींना भरलेलं पण अवचित बदलणारं घर. आणि काहींना तेवढंच भरलेलं, पण ठरल्याप्रमाणे चालणारं. शेवटच्या गटातल्या पिल्लांमध्ये जास्तीचा भित्रेपणा, भावनांचा उद्रेक तयारच झाला नाही. अवचित बदलणाऱ्या घरात खेळणी असूनही तो टळला नाही. म्हणजे अशा जिवाला नुसती समृद्धी पुरत नाही, पुढं काय होणार हे कळायला लागतं.

हे वाचलं तेव्हा मला तुमचा टँकर आठवला. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो तो कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी येतच नाही. हॉर्न, धावपळ, हंडे-ड्रम, बायांचा आरडाओरडा. मोठ्या माणसाचं डोकं उठतं, तिथं या लेकरानं कान दाबले तर त्याचं चुकलं काय? टँकर तुमच्या हातात नाही, लाईट जाणंही नाही. पण त्याला आधी कळवणं हातात आहे. त्याला ओळी लावायला आवडतं, मग दिवसच ओळीत लावून द्या. आंघोळ, भाकरी, अंगणवाडी, हापसा, आई घरी, झोप यांचे फोटो काढून त्यांचे छोटे पुठ्ठे करा आणि भिंतीला खालच्या उंचीवर ओळीनं लावा. झालं की ते चित्र उलटं करायचं, ते त्यालाच करू द्या. टँकरचंही एक चित्र ठेवा. टँकर निघाल्याचा फोन आला की आधी ते चित्र त्याला दाखवा, ओळीत मध्ये लावा आणि त्याला मागच्या खोलीत न्या. सोबत पुतणी असली तर उत्तम. टँकर गेला की चित्र उलटं. पहिले काही दिवस फरक दिसणार नाही, तरी सोडू नका.

‘उशीर झाला का’ या प्रश्नाचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. सोबतीच्या प्रयोगात फरक पडला तो दूध सुटल्यानंतरच्या काळात. उंदराच्या दिवसांचं माणसाच्या वर्षांत रूपांतर करू नका, तसा हिशोब होत नाही. पण ‘पहिले दिवस गेले की दार बंद’ असं या प्रयोगांतून मुळीच निघत नाही. माकडांवरचाही एक जुना अभ्यास आहे. पहिले सहा महिने एकटी कोंडून ठेवलेली, झुलत बसणारी माकडं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरी हार्लो आणि स्टीफन सुओमी यांनी सुधारून दाखवली. औषध काय, तर त्यांच्याहून लहान, तीन महिन्यांची पिल्लं, जी भांडत नाहीत, येऊन नुसती बिलगतात. ते ऑटिझमबद्दल नव्हतं, आणि माकडांना तसं कोंडणं आज आपल्याला सहन होणार नाही. तरी छोट्या सोबत्याचं बळ त्यातून कळतं.

मग पुण्याला जाऊच नका म्हणते का मी? नाही. तिथं अनुभवी थेरपिस्ट आहेत आणि त्यांची गरज तुम्हाला लागेल. पण मांडणी उलटी करा. खोली घेऊन राहिलात तर अंगण जाईल, हापसा जाईल, पुतणी जाईल, बाप महिन्यातून दोनदा भेटेल आणि तुम्ही चार भिंतींत एकट्या पडाल. त्यापेक्षा वर्षातून दोन-तीनदा आठ-दहा दिवस जा, दोघंही जा, आणि केंद्राला आधीच सांगा: आम्हाला शिकवा, घरी काय करायचं ते आमच्यासमोर करून दाखवा. ‘पालकांनी बाहेर बसायचं’ असं कुणी म्हणालं तर दुसरं केंद्र बघा. यात काही कमीपणा नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर असाच अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. तिथं घरी येत होत्या त्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्या होत्या. आई-बाप लेकराशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग तो त्यांच्याबरोबर बसून बघायचा आणि कुठं थांबायला हवं होतं, लेकरानं कुठं काही सांगायचा प्रयत्न केला होता, ते दाखवायचं. त्यातून आई-बापांचा लेकराला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायचं प्रमाण वाढलं. तुमच्याकडं मोबाइल आहेच, हापशावरची पाच मिनिटं रेकॉर्ड करून रात्री दोघं मिळून बघा. मोबाइलचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

दीड एकर विकायची घाई तर अजिबात करू नका. हे काही महिन्यांचं काम नाही, पुढं शाळा आहे, बरीच वर्षं आहेत. आणि पैसा हातात असलेला बाप दिसला की ‘बरा करून देतो’ म्हणणारे भेटतात. ऑटिझमवर स्टेम सेल उपचार करू नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सांगितलेलं आहे, तरी त्याच्या जाहिराती फिरतात. तिथं शेत घालवू नका. मात्र मुलाला फिट आली, येत असलेले शब्द किंवा सवयी गेल्या, किंवा तो स्वतःला इजा करायला लागला, तर वाट न बघता अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत दाखवा. आणि कानाची तपासणी झाली आहे का, हे पत्रात कुठं नाही. झोपेत करायची ‘बेरा’ तपासणी असते, ती झाली नसेल तर आधी ती. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक लेकराची ती व्हायला हवी.

कागदांचं थोडक्यात सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक त्याचंच. त्यातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे चिठ्ठी मिळते आणि तिथलं काम मोफत असतं. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. प्रमाणपत्र काढल्यानं लेकरावर शिक्का बसतो, असं घरात कुणी म्हणेल. त्या कागदाविना शाळेत मदत मागताना जास्त जड जातं.

नोकरी सोडू नका असं माझं मत आहे, निदान आत्ता तरी नाही. तुमचा पगार ही या घरातली दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारी गोष्ट आहे. शिवाय ‘आई सहा वाजता येते’ हे त्याच्या ओळीतलं एक पक्कं चित्र आहे. दुकानात दोघं भाऊ आहेत. यजमानांनी सकाळचा एक तास लेकरासाठी काढावा, आंघोळ आणि भाकरी त्यांनी करावी. हे तुम्ही मागायला हवं, नुसती मनात वाट बघू नका.

सासूबाईंशी वाद घालून त्यांना उंदरांचे प्रयोग सांगू नका, ते मी तुमच्यासाठी लिहिलेत. दिवसभर लेकराजवळ त्याच असतात. त्या बोलतात त्यामागं त्यांची स्वतःची भीतीही असणार, की आपल्याकडं ठेवलेल्या लेकराचं असं झालं. त्यांना काम द्या. शेंगा सोलायला बसतील तेव्हा याला समोर घ्यायचं, शेंग फुटतानाचा आवाज त्याला ऐकवायचा, एक शेंग त्याच्या हातात द्यायची आणि तो दुसरी मागेपर्यंत थांबायचं. भिंतीवरचं चित्र दुपारी त्यांनीच त्याच्याबरोबर उलटं करायचं.

आणि आज घरी गेल्यावर पुतणीला जवळ घ्या आणि विचारा, हापशावर गेल्यावर तो नेमकं काय करतो, तुला पाणी हापसायला कसं सांगतो. तिला नक्की माहीत असणार. ती सांगेल ते शब्दही न बदलता लिहून ठेवा, आणि पुण्याला जाल तेव्हा डॉक्टरांना आधी तेच वाचून दाखवा.